बाबांचं मत माझ्या तोंडून

आमच्या घरात भांडण झालं तर शेजाऱ्यांना विषयाचा पत्ता लागत नाही. टेबलावर मुठी आपटतात, पाय आपटतात, खुर्च्या सरकतात, पण शब्द म्हणाल तर एक नाही. माझे आईबाबा दोघंही बहिरे. बाबांना तिसऱ्या वर्षी ताप आला आणि कान गेले, आई जन्मापासूनची. दोघं हातांनी बोलतात, आणि भांडणात असा काही वेग धरतात की मी, जी खुणांच्या भाषेवर पोट भरते, ती मीसुद्धा म्हणते, अरे जरा हळू! बाबा हरायला लागले की उठतात आणि सरळ दिवा बंद करतात. अंधारात काय डोंबल बोलणार? आईनं त्यावर तोडगा काढलाय. खिशात टॉर्च ठेवते. टॉर्च हनुवटीखाली धरायची आणि मोकळ्या हातानं उरलेला मुद्दा पूर्ण करायचा! मी हे डोळ्यांनी बघितलंय, थापा मारत नाही.

गेली पाच वर्षं भांडणाचा विषय एकच. आमचे नेते.

बाबांचा नेत्यांवर अतोनात जीव. आईच्या मते त्या माणसानं देशाचं वाटोळं केलं. बाबा म्हणतात, "तुला देशाबद्दल प्रेम नाही." आई म्हणते, "प्रेम आहे म्हणून तर जीव जळतो." म्हणतात म्हणजे हातांनी, पण मी 'म्हणाले'च लिहिणार, पटत नसेल तर वाचू नका. आणि मी? मी पूर्ण आईच्या बाजूची. नेत्यांचा आवाज आला तरी माझ्या डोक्यात तिडीक जायची. हे आधीच सांगून टाकते, नंतर कुणी म्हणायला नको की लपवलं.

बाबा सुतार. फर्निचरच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं त्यांनी फक्त खण केले. टेबलाचे, कपाटाचे, औषधांच्या दुकानाचे चिमुकले, बँकेचे लांबलचक. त्यांचा खण कधी अडकत नाही. खण बसवला की डोळे मिटतात, दोन बोटं त्याच्या कडेला ठेवतात आणि हलकेच ओढतात. लाकूड कुठं घासतंय ते त्यांना बोटांत कळतं. कारखान्यात करवतीच्या आवाजानं सगळ्यांची डोकी उठायची, हे मजेत. "तुम्हा लोकांचं कठीण आहे बुवा," असं म्हणून हसायचे.

आणि देशभक्ती म्हणाल तर विचारूच नका! दरवर्षी राष्ट्रीय दिनाला कारखान्यात झेंडा चढायचा, तेव्हा बाबा पहिल्या रांगेत. तिशीत असतानाची गोष्ट, अख्खा कारखाना अजून सांगतो. सगळे सावधान उभे राहून राष्ट्रगीत म्हणत होते आणि बाबा हातांनी म्हणत होते. फोरमन खवळला. झेंड्यासमोर हात हलवतोस? हात खाली, मांडीला लावून! बाबांनी पाटी मागितली आणि तिच्यावर लिहिलं, "तुम्ही तोंड बंद ठेवून म्हणून दाखवा, मग मी हात बंद ठेवून म्हणतो." पुढच्या वर्षापासून बाबांसाठी पहिल्या रांगेत दोन माणसांची जागा सोडायला लागले, हात कुणाला लागू नयेत म्हणून.

आता माझं पाप सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही.

लहानपणापासून बाबांसाठी बोलायचं काम माझंच. डॉक्टर, बँक, घरमालक, माझ्याच शाळेतल्या बाई. बाई म्हणाल्या, "मुलगी फार उद्धट आहे," आणि मी आठ वर्षांची, तेही बाबांना जसंच्या तसं सांगितलं! बाबांना त्याचं केवढं कौतुक. पुढं ह्याच कामाची नोकरी लागली. पण दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी दमून घरी आले, टीव्हीवर नेते बोलत होते, खाली अक्षरं येत नव्हती. बाबांनी माझा दंड हलवला आणि विचारलं, काय म्हणतायत? मी चप्पलही काढली नव्हती. मी हात झटकून सांगितलं, "खोटं बोलतायत, नेहमीसारखं."

बाबांनी टीव्हीकडे पाठ केली. मग म्हणाले, "काय बोलतायत ते सांग. खोटं आहे की नाही ते मी ठरवीन."

मी म्हटलं, जाऊ द्या ना बाबा. झालं! त्या दिवसापासून बाबांनी मला नेत्यांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचे, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याकडून चिठ्ठीवर लिहून आणायचे. चौथी नापास म्हाताऱ्याकडून! आणि घरात परीक्षा पास झालेली दुभाषी बसलेली! मला इतका राग यायचा. पण राग कुणावर काढणार, चूक माझीच होती.

अशात निवडणूक आली आणि माझ्या कार्यालयातून पत्र आलं. नेत्यांची सभा आमच्या गावच्या मैदानावर, बहिऱ्या लोकांसाठी पुढं दोनशे खुर्च्या, दुभाषी म्हणून मी. एरवी आम्ही दोघी असतो, वीस-वीस मिनिटांनी बदलतो, पण माझी जोडीदारीण तापानं झोपली होती. पूर्ण भाषण माझ्या गळ्यात.

घरात नुसता भडका. आई म्हणाली, "नकार दे." मी म्हटलं, आई, नोकरी आहे. आई म्हणाली, "मग निदान त्याचं नाव आमच्या खुणेनं घे." इथं जरा थांबून सांगते. आमच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. नेत्यांना बाबांच्या लोकांनी एक दिलं होतं, छातीवर दोनदा तळवा. आईच्या लोकांनी दुसरं, बोटांची चोच करून ती फडफडवायची, म्हणजे नुसती बडबड. बहिऱ्यांच्या मंडळात ह्याच्यावरून दोन टोळ्या पडल्या होत्या. बाबांची खिडकीपाशी बसायची, आईची दारापाशी. तुम्ही कुठलं नाव वापरलंत ह्यावरून तुम्हाला चहा मिळणार की नाही ते ठरायचं! मी म्हटलं, मी दोन्ही वापरणार नाही, नुसती 'नेता' ही साधी खूण करीन. तर दोघंही माझ्यावर उखडले. नवराबायकोचं पाच वर्षांत पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं.

सभेच्या दिवशी सकाळी बाबा शर्टाला इस्त्री करत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. ते इस्त्री बाजूला ठेवून म्हणाले, "तू आहेस म्हणून मला भीती वाटते."

"कसली भीती?"

"तो काय बोलला ते मला कळणार नाही. तुला काय वाटतं तेच कळेल."

माझ्या मनाला असं लागलं म्हणून सांगू! परक्या माणसानं म्हटलं असतं तर दोन सुनावल्या असत्या. बाबांना एवढंच म्हटलं, "शब्द सोडणार नाही बाबा. एकही."

बाबांनी मान हलवली, पण ती मान मला ओळखीची होती. दुकानदार 'उद्या नक्की देतो' म्हणाला की ते तशीच हलवतात.

मैदान खचाखच! झेंडे, ढोल, शिट्ट्या, कर्ण्यांतून गाणी. फाटकाबाहेर विरोधकांचा घोळका आणि त्यात सगळ्यांत पुढं आमच्या मातोश्री, गळ्यात पाटी अडकवून. आत पहिल्या रांगेत बाबा, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात झेंडा. त्यांच्या शेजारी शिंपीकाका, मंडळाचे चिटणीस, नेत्यांचे इतके भक्त की कुणी शिवायला टाकलेल्या कोटाच्या आतल्या खिशातसुद्धा नेत्यांचं पत्रक घालून देतात. मागं बाकीचे, खिडकीवाले आणि दारवालेही. विरोधातले पण आले होते, कुतूहल कुणाला नसतं? व्यासपीठाच्या पायथ्याशी मला एक लाकडी चौथरा दिला होता. माझ्या शेजारी निवेदक माइक घेऊन उभा.

नेते आले आणि मैदान उसळलं. एकदा हात वर गेले की मी माझी राहत नाही, खरंच सांगते. ते गरजले की माझा चेहरा गरजला, ते हळवे झाले की मी हळवी झाले. आमच्या भाषेत निम्मं बोलणं चेहऱ्यावर असतं. चेहरा कोरा ठेवला तर जळजळीत भाषणाचं सुद्धा सरकारी परिपत्रक होतं. मला ते सहज करता आलं असतं आणि कुणालाही सिद्ध करता आलं नसतं. मी केलं नाही. दहाव्या मिनिटाला बाबा खुर्चीच्या टोकावर आले. पंधराव्या मिनिटाला त्यांचे डोळे भरून आले. सीमेवरच्या जवानांबद्दल बोलणं चाललं होतं आणि नेते बोलतात छान, कबूल करते. बाबा माझ्याकडे बघून एकदा हसले. दोन वर्षांनी! मला तर वाटलं, पोरी, जिंकलीस.

आणि तेवढ्यात नेत्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

ते वाक्य मध्येच सोडून खाली वाकले. माझ्याकडे बोट केलं. मग दोन्ही हात वर करून हवेत फडफडवायला लागले, बोटं वाकडीतिकडी, डोळे मोठे, जीभ गालात. आणि माइकवर म्हणाले, "ह्या ताई मघापासून माशा हाकलतायत! बघा, मलाही येतं हे! जमलं की नाही?"

मैदान खदाखदा हसलं. पन्नास हजार माणसं!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी समोर बघितलं. माझी दोनशे माणसं आनंदानं उभी राहिली होती. त्यांनी काय बघितलं? नेते आमच्याकडे वळले, हात वर केले, हातांनी काहीतरी बोलले. आमच्या भाषेत! त्यातलं काही कळत नव्हतं, पण नवशिक्याचं कधी कळतं? शिकतायत बिचारे, आपल्यासाठी! दोनशे जोड हात हवेत थरथरायला लागले, आमच्या टाळ्या अशाच असतात. शिंपीकाका रडत होते. आणि बाबा, माझे बाबा, झेंडा काखेत धरून दोन्ही हात हलवत होते, आयुष्यात कधी बघितला नाही असा त्यांचा चेहरा फुलला होता. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाले आम्हाला? लवकर सांग, काय म्हणाले?"

किती वेळ गेला असेल? दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत मी काय काय विचार केला! सांगावं, म्हणाले 'नमस्कार मंडळी'. कोण ओरडणार होतं? बाबा मरेपर्यंत ही गोष्ट सांगत बसले असते, नेते माझ्याशी माझ्या भाषेत बोलले म्हणून. त्यांना एवढा आनंद मी तरी कधी दिला होता? आणि खरं सांगितलं तर? तर ते म्हणणार, झालं, आली आपल्या वळणावर. सकाळी भीती वाटत होती तेच केलंस.

मी हात वर केले. "म्हणाले, ह्या ताई मघापासून माशा हाकलतायत. म्हणाले, बघा, मलाही येतं हे, जमलं की नाही. लोक हसतायत."

बाबांचे हात तसेच वर राहिले. मग हळूहळू खाली आले.

शिंपीकाका उसळले. "खोटं! ते आमच्याशी बोलले! तू त्यांचा द्वेष करतेस, तुझी आई बाहेर पाटी घेऊन उभी आहे, आम्हाला माहीत नाही का?" मागून आणखी चारपाच जण हात उगारून तेच म्हणायला लागले. दारवाले त्यांच्यावर तुटून पडले. दोनशे माणसं एकमेकांवर हातवारे करतायत आणि वर नेते जीएसटी की धरण की कशाबद्दल पुढं बोलायला लागलेत, मला एक शब्द कळेना!

बाबा खुर्चीवर चढले. सत्तरीचा माणूस, गुडघे दुखतात, चढले. झेंडा शिंपीकाकांच्या हातात दिला, कारण हात मोकळे हवे होते, आणि नेत्यांकडे तोंड करून बोलायला लागले. माझ्याकडे बघितलंही नाही. मी निवेदकाच्या हातातला माइक हिसकावला. तो "अहो, अहो" करतोय तोवर मी सुरू केलं होतं. दुभाषी दोन्हीकडून असते, हे त्या गाढवाला कुणी शिकवलंच नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, आणि माझा आवाज अख्ख्या मैदानावर गेला. "मी सुतार आहे. मला ऐकू येत नाही. ती माझी मुलगी आहे आणि ती माशा हाकलत नाही, ती तुमचं भाषण मला सांगते. ही आमची भाषा आहे. पन्नास वर्षं मी राष्ट्रगीत ह्याच भाषेत म्हणतोय. तुम्ही आज तिची थट्टा केलीत. तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगतो. माफी मागा, आम्ही लगेच विसरून जाऊ."

नेते भाषण थांबवून खाली बघत होते. विरोधक फाटकाबाहेरून शिट्ट्या मारत होते. माझ्या मनात नुसते फटाके फुटत होते. बोला बाबा, बोला! आणि बाबांचे हात पुढं बोलले.

ते म्हणाले, "मी तुम्हाला मानतो. मत मी तुम्हालाच देणार."

माझ्या मनात काय आलं, ते लपवत नाही. हे गाळून टाकावं. माफीवर थांबावं, काय झकास शेवट होता! बाबांना ऐकू येत नव्हतं. बाकीच्या पन्नास हजारांना बाबांचे हात कळत नव्हते. ह्या जगात एकाही माणसाला कळलं नसतं. आणि हे वाक्य माझ्या तोंडून, माझ्या आवाजात, बाहेर आई उभी असताना! मला ते विषासारखं कडू लागलं.

"मी तुम्हाला मानतो," मी म्हटलं. "मत मी तुम्हालाच देणार."

मैदान फुटलं! ढोल, शिट्ट्या, जयजयकार. नेत्यांनी दोन्ही हात पसरले. "ऐकलंत? ह्याला म्हणतात देशभक्ती! काकांनी मत देऊन टाकलं! काकांसाठी जोरदार टाळ्या!" आणि लगेच कागद उलटून पुढच्या मुद्द्यावर गेले.

मी माइक निवेदकाच्या हातात कोंबला आणि हेही जसंच्या तसं सांगितलं. देशभक्ती, काका, टाळ्या.

बाबा अजून खुर्चीवरच होते. "माफी?" त्यांनी विचारलं.

"नाही मागितली."

"एक शब्दही नाही?"

"नाही बाबा."

शिंपीकाकांनी झेंडा काखेत मारला आणि बाबांची विजार ओढून त्यांना खाली बघायला लावलं. "ती लपवतेय! माफी मागितली असणार, केवढा आनंद चाललाय बघ लोकांचा! ती तुला सांगणार नाही. आणि तुझं बोलणं तरी तिनं सांगितलं कशावरून? तुझ्या नावानं शिव्या घातल्या असतील! मत त्यांना देणार, हे ती बोलली असेल? ती?"

"बोलली," बाबा म्हणाले.

"तुला ऐकू आलं?"

"नाही."

"तिच्या ओठांकडे बघत होतास?"

"नाही. मी त्याच्याकडे बघत होतो."

"मग कशावरून?"

बाबा शिंपीकाकांचा खांदा धरून सावकाश खाली उतरले. खुर्चीवर उमटलेली बुटाची धूळ त्यांनी रुमालानं पुसली आणि बसले. मागच्या रांगांतले सगळे माना लांब करून त्यांच्या हातांकडे बघत होते. ते म्हणाले, "ती बोलली. आणि त्यानं माफी मागितली नाही. मला एवढं पुरे आहे. मत कुणाला ते आता माझं मी बघीन." मग त्यांनी शिंपीकाकांकडून झेंडा परत घेतला, मांडीवर नीट आडवा ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "पुढचं सांग. सगळं सांग."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, नाक पुसायला हात मोकळे नव्हते. वर नेते ओरडत होते. मी हात वर केले आणि त्यांचं भाषण, माझ्या बाबांसाठी, शेवटच्या शब्दापर्यंत सांगितलं.